किती हातात, किती डब्यात

खाला, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुम्हाला पत्र सांगायला बसलेय. सांगायलाच, कारण लिहितेय माझी नात. माझी आणि अक्षरांची ओळख झाली नाही ती नाहीच. तुम्ही दोनदा खटपट केलीत, एकदा पिठात बोट फिरवून आणि एकदा रागावून, आणि दोन्ही वेळा पीठच वाया गेलं. ही माझ्या लेकीची लेक. दोन वर्षांपूर्वी आईबापांबरोबर अमेरिकेला गेली, आता सुट्टीला माझ्याकडे शारजाला आलीय. इथल्या शाळेत पाचवीपर्यंत हिंदी होतं म्हणून हात वळतो, पण दर दोन शब्दांनी थांबते आणि विचारते, "आजी, हाऊ डू यू स्पेल दॅट?" म्हटलं, बाई गं, कुणाला विचारतेस? भिंतीला विचार, भिंतीवर निदान कॅलेंडर तरी आहे. हे असलं लिहू नको म्हटलं तर तेही लिहितेय, हसतेय. असू दे. तुम्हाला फाजील बोलणं आवडायचंच.

पत्राचं निमित्त लेकीचा परवाचा फोन. तिचा संसार मोडला, खाला. मोडला म्हणजे भांडी आपटून नाही, गरम चहा ओतल्यावर पेला तडकावा तसा, एकदाच बारीक आवाज झाला आणि मग सगळं गळत गेलं. आता ती आणि पोर, दोघीच. फोनवर म्हणाली, "आई, इथं पगारातूनच टॅक्स कापून घेतात आणि किती कापायचा ते ऑफिसच्या फॉर्मवर आपण ठरवायचं असतं. जास्त कापला तर वर्षाच्या शेवटी परत मिळतो, पण दर महिन्याला ओढाताण. कमी कापला तर महिना मोकळा जातो, आणि पुढच्या एप्रिलला एकदम भरायची पाळी येते. काय करू?" मी मनात म्हटलं, एवढी शिकलीस, विमानानं सात समुद्र ओलांडलेस, आणि शेवटी खालाच्या पगाराच्या टेबलासमोरच येऊन उभी राहिलीस की! मग ती हळूच म्हणाली, "फॉर्मवर मी अजून मॅरिडच आहे. ऑफिसातल्या त्या पोरीला जाऊन बदल म्हणून सांगायचं जिवावर येतं."  आईची सगळी अक्कल तिनं टाकून दिली आणि नेमका हाच एक गुण उचलला.

तुमचं किचन आठवतं. जुन्या व्हिलाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, तीन मोठ्या शेगड्या, भिंतीवर एकच पंखा आणि तोही तुमच्याकडे तोंड करून. तुम्ही रत्नागिरीकडच्या मुसलमान, आणि अख्ख्या शारजातल्या मराठी घरांना चकली, अनारसे, कडबोळी पुरवणार तुम्ही! मी साताऱ्याकडची, चकलीचा सोऱ्या आमच्या घरी होता, पण माझी चकली तेलात पडली की उलगडून सरळ व्हायची. तुम्ही ती चिमट्यानं वर उचलून सगळ्यांना दाखवायचात. "बघा गो, हिची चकली चालली साताऱ्याला." तीन महिन्यांनी माझी चकली तुमच्यापेक्षा गोल यायला लागली तेव्हा तुम्ही भाजणीच्या पिंपाची चावी माझ्याकडे दिलीत.

आणि पगाराचा दिवस. आम्ही सहाजणी ओळीत उभ्या, तुम्ही टेबलामागे, आणि तुमच्या पाठीशी कपाटात दूधपावडरचे सहा रिकामे डबे. निम्म्याजणींना वाचता येत नाही म्हणून डब्यांवर नाव नाही, खूण. एकीचं बटण, एकीची वेलची, माझ्या डब्यावर चिंचोका चिकटवलेला. तुम्ही पगार मोजायचात आणि मोठ्यानं विचारायचात, "किती हातात, किती डब्यात?" जिनं तिनं आपला आकडा सगळ्यांसमोर सांगायचा. डब्यातलं तुमच्या कुलपात राहणार, शाळेची फी, तिकीट, व्हिसा, जे मोठं येईल त्याला निघणार. आकडा मोठ्यानं का सांगायचा, असं एकदा मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मोठ्यानं सांगणारं माणूस दुसऱ्या दिवशी उसनं मागायला येत नाही. पण खरं सांगू का, त्या आकड्यावरून सहाही घरांची चूल दिसायची. जिचा नवरा कमावता तिच्या डब्यात जास्त. माझा नवरा लांब अबूधाबीकडे रुवैसला रिफायनरीत फोरमन, पंधरा दिवसांनी गुरुवारी यायचा, घर त्याच्या पगारावर चालायचं. म्हणून माझे बाराशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे चौदा हजार रुपये, सरळ अर्धे व्हायचे. "सहाशे हातात, सहाशे डब्यात." हे म्हणताना माझी मान कशी वर व्हायची ते तुम्ही पाहिलंयत.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात तो आला नाही. पुढच्या पंधरवड्यातही नाही. मग त्याचा एक दोस्त दारात येऊन चप्पल न काढता सांगून गेला की, वहिनी, तो नोकरी सोडून गेला, दुसरीकडे घर केलंय, वाट बघू नका. मी त्याला पाणी विचारलं. अजून नवल वाटतं मला, की मी पाणी विचारलं. ऑगस्टातच मी अख्खा डबा मोकळा करून सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पाठवला होता, म्हणजे त्याच्या आईला दिसायला लागलं आणि मला दिसलं नाही! लेक तेव्हा आठ वर्षांची. माझा आणि तिचा, दोघींचा व्हिसा त्याच्या नावावर, पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचा. पोरीला माझ्या नावावर ठेवायची तर पाच हजार दिरहम अनामत भरावी लागेल, असं शेजारच्यानं ऑफिसात विचारून आणलं. पाच हजार म्हणजे अठ्ठावन्न हजार रुपये. नाही भरले तर पोर गावी जाणार, म्हणजे त्याच्याच माणसांकडे, कारण माझ्या माहेरी म्हातारी आई तेवढी उरली होती.

आणि पगाराच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "किती हातात, किती डब्यात?" तोंडातून बाहेर पडलं, "सहाशे, सहाशे." दुसरा आकडा सांगितला असता तर पाचजणींच्या माना वळल्या असत्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, चार वेळा मी त्याच ऐटीत सहाशे म्हटलं. घरी उरलेल्या सहाशेत खोलीचं भाडंच चारशे. पोरीची बस बंद केली, तिला पहाटे चालवत शाळेत न्यायची. ती विचारायची, "व्हाय आर वी वॉकिंग?" मी म्हणायचे, तब्येतीला चांगलं असतं. लहान मुलाला तब्येतीचं काय, पण गप्प चालायची बिचारी.

तारलं ते तुमच्या डब्यानं. तो नव्हे, खायच्या डब्यानं. तुमचा तो जुना हट्ट, की तळणाऱ्या बायकांची जीभ तेलाच्या वासानं मेलेली असते, चव बाहेरच्या जिभेनं बघावी. म्हणून गुरुवारी माझ्या नवऱ्यासाठी डबा द्यायचात, "जावयाला विचार कशी झालीय." तो असताना पंधरा दिवसांनी यायचा. निघून गेल्यावर मी त्याला दर गुरुवारी आणायला लागले. तुम्हाला म्हटलं, खाला, त्याची ड्यूटी बदललीय. इतका वेळेवर तो आयुष्यात कधी आला नव्हता. तो डबा म्हणजे माझ्या पोरीचं गुरुवारचं आणि शुक्रवारचं जेवण. चकली, त्यावर एखादी पोळी, खाली तुम्ही दडवलेला मटणाचा रस्सा. मी वास घ्यायचे आणि म्हणायचे, माझं पोट भरलंय.

त्या वर्षी रमजान आणि संक्रांत एकत्र आले. तुमचे रोजे, दिवसभर जिभेवर काही ठेवायचं नाही, म्हणजे चवीचा सगळा भार माझ्या त्या नसलेल्या नवऱ्यावर. पहिल्या शुक्रवारी तुम्ही विचारलंत, "काय म्हणाला?" मी पोरीला विचारलं होतं. ती दुकानातले वेफर खाऊन वाढलेली, म्हणाली होती मीठ कमी आहे. मी मनात म्हटलं, नवरा खोटा तर खोटा, निदान मीठ तरी खरं सांगावं. "म्हणाला, मीठ कमी." तुम्ही वाढवलंत. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा, "अजून कमीच म्हणतो." तुम्ही कपाळाला आठी घातलीत, पण वाढवलंत. तिसऱ्या खेपेला तुम्ही म्हणालात, "तुझा नवरा माणूस आहे का मासा?" आणि वाढवलंत. अल मजाज भागातल्या बायकांच्या हळदीकुंकवाची वीस किलोची ऑर्डर त्या मिठावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. तुम्ही फोन कानापासून लांब धरलात तरी शेगडीपर्यंत ऐकू येत होतं. "खाला, ही चकली आहे की लोणचं? बायकांनी उखाणे अर्धे सोडून पाणी मागितलं!"

तुम्ही वीसच्या वीस किलो परत आणवलेत आणि पुन्हा पीठ मळायला घेतलंत. तो शुक्रवार होता, शाळेला सुट्टी. शेजारीण बाहेर गेली म्हणून माझी पोर त्या दिवशी तांदळाच्या पोत्यावर बसली होती, पाय हलवत. तुम्ही हात पुसत तिच्यासमोर उभ्या राहिलात. "काय गो बाय, तुझ्या पप्पाच्या जिभेला झालंय काय?" पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी सोऱ्या इतका घट्ट पिळला की चकली पडली ती काठीसारखी. पोर म्हणाली, "पप्पा डझन्ट लिव्ह विथ अस. आय एट इट. सॉल्ट वॉज लेस."

तेल कडकड वाजत होतं. तुम्ही माझ्या हातातला सोऱ्या काढून दुसरीला दिलात आणि मला भाजणीच्या खोलीत नेऊन दार लावलंत. मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही पिंपावर बसलात. रोज्यानं ओठ सुकलेले. "खोटं बोलायचं तर कशाबद्दलही बोल, मिठाबद्दल बोलू नको. मी उपाशी आहे आणि तुझ्या भरवशावर मीठ घालतेय." मी रडायला लागले. "रडू नको, आधी ऐक. नवरा गेला ही त्याची गोष्ट. पगारातलं किती धरायचं ही तुझी. त्याच्या गोष्टीचा आकडा तू तुझ्या डब्यात कशाला घालतेस?" हे वाक्य मी त्यानंतर किती जणींना सांगितलं असेल, आणि दर वेळी माझंच म्हणून सांगितलं. तेही आज कबूल करते, पण ही खरी कबुली नव्हे. ती पुढे आहे.

मग तुम्ही दार उघडून पोरीला हाक मारलीत आणि चण्याचा डबा घेतलात. एक चणा म्हणजे पन्नास दिरहम. परातीत चोवीस चणे ओतले, हा तुझा पगार. खोलीचे आठ बाजूला. शाळा आणि बसचे चार. "बस सुरू कर, पोर पायानं झिजतेय." खायचे पाच. गावी आईला एक. "उरले किती?" पोर म्हणाली, "सिक्स." तुम्ही म्हणालात, "सहा. आणि तू बारा कापत होतीस. कुणाच्या पोटातनं कापत होतीस ते या पोरीला विचार." मी म्हटलं, पण पाच हजार? तुम्ही बोटांवर मोजत बसलात. अनामतीला शंभर चणे हवेत, चिंचोक्याच्या डब्यात अठ्ठेचाळीस पडलेत, उरले बावन्न. जानेवारी ते सप्टेंबर नऊ महिने, दर महिन्याला सहा, झाले चोपन्न. "बघ, दोन चणे वर येतात. त्यात पोरीला बूट घे. तुझा स्वतःचा व्हिसा किचनवर घेऊ, ते मी बघते." इतक्या वेळात त्या दोन चण्यांपैकी एक पोरीनं खाल्ला होता. तुम्ही तिच्या गालाला चिमटा काढलात. "हिनं एक बूट खाल्ला गो!"

मला वाटलं, आता निदान पगाराच्या दिवशी मला बाजूला बोलावून घ्याल. कसलं काय. ईद झाली, महिना संपला, आम्ही ओळीत उभ्या. मी तुमच्याकडे पाहतेय, डोळ्यांनी विनवतेय. तुम्ही नोटा मोजल्यात, वर पाहिलंत आणि रोजच्यापेक्षा मोठ्यानं विचारलंत, "किती हातात, किती डब्यात?" मी म्हटलं, "नऊशे हातात. तीनशे डब्यात." पाचजणींच्या माना वळल्याच. वेलचीच्या डब्यावाली म्हणाली, "इतकंच? का गं, नवरा उडवायला लागला काय?" आणि माझ्या तोंडून, देव जाणे कुठून, निघालं, "नाही गं, नवराच उडाला."  मग तिला हसू फुटलं, मग मला, मग सहाही जणी पदर, ओढणी तोंडाला लावून हसतोय. वेलचीवाली हसता हसता रडायला लागली आणि मला धरून उभी राहिली. तुम्ही टेबलावर हात आपटलात. "हसून झालं असेल तर खलास, पुढची!" पण तुमचा चष्मा तुम्ही उगाच पुसत होतात, ते मी पाहिलं.

नऊ महिने मी तो आकडा सांगितला. हळूहळू तो माझा झाला, जसा अंगावर शिवलेला कपडा होतो. पोर बसनं जायला लागली. गुरुवारचा डबाही तुम्ही चालू ठेवलात, फक्त विचारायचात ते पोरीला, आणि तिनं सांगितलेल्या मिठाच्या निम्मं घालायचात. ऑक्टोबरात अनामत भरली, पोरीच्या पासपोर्टवर माझ्या नावानं शिक्का बसला. तो शिक्का मला वाचता आला नाही, पण मी त्यावरून बोट फिरवलं. तुम्ही पुढे चार वर्षांनी गावी परत गेलात, आणि गेलात ते गेलातच. मी मयतीला येऊ शकले नाही. त्या दिवशी किचनमध्ये कुणी विचारलं नाही, तरी मी चकलीत मीठ तीनदा चाखलं.

आता ती कबुली. माझ्या लेकीला मी लहानपणापासून सांगत आलेय की डबा उघडला तेव्हा त्यात त्रेपन्नशे निघाले. खालांनी गुपचूप दोनशे वर टाकले होते, असं त्यांचं मन होतं. ही गोष्ट मी तिच्या लग्नात सांगितली, शेजारणींना सांगितली, या नातीला झोपवताना सांगितली. परवा फोनवर लेक म्हणाली, "आई, मला वाटतं मी जास्तच कापून घेते आणि बघते. इथं काही खाला नाहीत शेवटी वर दोनशे टाकायला."  तिला म्हटलं, फॉर्मवर खरं लिही, बाकीचं मग. ती म्हणाली, तिथं एकटी आणि लग्न झालेली यांच्याशिवाय तिसरा एक चौकोन आहे, जी एकटी पोर सांभाळते आणि घर चालवते तिच्यासाठी, म्हणजे घरची कर्ती. म्हटलं, मग त्यात खूण कर ना, घाबरतेस काय? आणि ऑफिसातल्या त्या पोरीला मोठ्यानं सांग.

डब्यात एक्कावन्नशे होते, खाला. चण्यांनी सांगितले तेवढेच, एकही नोट जास्त नाही. इथं नातीनं पेन थांबवलंय. "आजी, वेट. मम्मा टेल्स एव्हरीवन दॅट स्टोरी." लिही म्हटलं, लिही. "सो यू लाइड?" हो, लिही. वर पत्ता कुठला घालू, असंही विचारतेय. म्हटलं, पत्ता नको, हे चिंचोक्याच्या डब्यात ठेव, तो अजून माझ्या कपाटात आहे.

त्या दिवशी तुम्ही डबा माझ्या हातात दिलात आणि नमाजाला आत गेलात. मी तीनदा मोजले. मला खात्री होती की तुम्ही काहीतरी टाकलं असणार. नाही म्हटल्यावर राग आला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढं माझं सगळं माहीत असून हिनं पन्नाससुद्धा टाकले नाहीत! ते सगळेच्या सगळे पैसे माझे होते, कुणाची दया त्यात मिसळलेली नव्हती, हे समजायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि समजलं तोवर दोनशेची गोष्ट गावभर झालेली. आज रात्री लेकीला फोन करून एक्कावन्नशे सांगणार आहे. तुम्हाला विचारायचं राहिलं ते एवढंच, की मी तो डबा उलटा केला होता आणि चिकटलेली एखादी नोट पडेल म्हणून बुडावर तीनदा थापट्या मारल्या होत्या. तो आवाज आत तुम्हाला ऐकू आला होता का?